चहा घे गं आधी!

मैत्रिणींनो, आज एक कबुली देऊन सुरुवात करते.

आमच्याकडे कामाला येणारी मुलगी सकाळी साडेआठला दार वाजवते. पंचविशीच्या आतली, चपळ आणि बोलकी. ती आत आली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘चहा घे गं आधी, मग झाडू हातात घे.’ तिच्यासाठी आमच्याकडे वेगळा कप नाही. आम्ही पितो तोच आल्याचा चहा, त्याच कपबशीत. या गोष्टीचा मला मनातून थोडा अभिमानच होता. वस्तीत बचत गटाच्या बायकांसमोर बोलताना मी हे उदाहरण एक-दोनदा दिलंही असेल!

गेल्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलटकरीण. पाचव्या महिन्यात ती जिना चढताना धापा टाकायला लागली, तेव्हा मी तिला नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, ती ही. हिमोग्लोबिन आलं ८.६. तिथल्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “सकाळपासून काय काय खातेस, ते क्रमाने सांग.”

ती बोटं मोजायला लागली. साडेपाचला उठल्यावर घरी कोरा चहा. साडेसहाला पहिल्या कामावर चहा. साडेसातला दुसऱ्या घरी चहा. “मग साडेआठला या काकूंकडे,” माझ्याकडे बोट दाखवत ती कौतुकाने म्हणाली. त्यानंतर चौथं घर, तिथेही चहा. दुपारी दोनला घरी गेल्यावर भाकरी आणि असेल ते कालवण, त्याच्या मागोमाग चहा. संध्याकाळी नवरा आला की त्याच्याबरोबर एक. सात कप झाले, आणि दुपारी दोनपर्यंत पोटात दुसरं काहीही नाही.

“भूक लागत नाही का गं?” डॉक्टरांनी विचारलं. “चहा घेतला की लागत नाही,” ती म्हणाली.

मी खाली बघत राहिले. त्या सातातला चौथा कप माझा होता. चार सुशिक्षित घरांतल्या आम्ही चार बायका, प्रत्येकीला वाटत होतं की आपण पोटुशी पोरीची काळजी घेतोय. पण तिच्या हातावर पोळीचा तुकडा कुणीच ठेवला नव्हता.

त्या दिवसापासून मी या विषयामागे लागले. मी डॉक्टर नाही, साधी बी.ए. झालेली बाई. पण ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठलं, आहारतज्ज्ञांशी बोलले, मिळेल ते वाचलं. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते.

आपल्याकडे गरोदर बाईच्या चहाला आक्षेप घेतला जात नाही असं नाही. पण तो कसला, तर ‘चहा पिऊ नकोस, बाळ काळं होईल!’ माझ्या सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं, त्यांच्या सासूबाईंनी त्यांना. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो. चहाने तो काळा होत नाही आणि केशर-दुधाने उजळतही नाही. गंमत म्हणजे या खुळ्या समजुतीमुळे खरा प्रश्न झाकला गेला. शिकलेल्या मुली ही समजूत हसण्यावारी नेतात, आणि चहाचा प्याला निर्धास्तपणे भरून घेतात. विचार बाळाच्या रंगाचा नाही, वाढीचा करायला हवा.

चहा-कॉफीत कॅफीन असतं हे आपल्याला ठाऊक आहे. तरतरी येते ती त्यानेच. प्यायलेलं कॅफीन रक्तात जातं आणि आपलं यकृत हळूहळू त्याचा निचरा करतं. एरवी निरोगी बाईच्या शरीरातलं अर्धं कॅफीन साधारण पाच तासांत निघून जातं. पण गरोदरपणात यकृताचं हे काम मंदावतं. महिने जसे भरत जातात तसं आणखी मंद होतं, आणि शेवटच्या तिमाहीत त्याच अर्ध्या निचऱ्याला पंधरा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे सकाळी आठला घेतलेल्या चहातलं अर्धं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं. त्यावर दुपारचा चहा, संध्याकाळचा चहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आधण चढलेलंच! ‘आठव्या महिन्यात मेली झोपच येत नाही,’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणींनी आपला संध्याकाळचा कप एकदा तपासून बघायला हरकत नाही.

आईचं यकृत निदान हळूहळू का होईना, काम करतं. बाळाचं काय? कॅफीन वारेतून सहज पलीकडे जातं. ते पचवायला लागणारी यंत्रणा ना वारेत असते, ना पोटातल्या बाळात. आईच्या रक्तातून ते उतरेल तेव्हाच बाळाचीही सुटका. शिवाय कॅफीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा त्यामुळे कमी होत असावा, असं तज्ज्ञ सांगतात. बाळाचं अन्न, प्राणवायू सगळं त्याच वाटेने येतं.

मग याने बाळ खरंच लहान राहतं का? इथे मात्र सावधपणे बोलायला हवं. इंग्लंडमध्ये लेस्टर आणि लीड्स या शहरांतल्या २६३५ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. कॅफीन जितकं जास्त, तितकी बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता जास्त, असं त्यात आढळलं. आपल्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या बायकांच्या पोटात जाणाऱ्या कॅफीनपैकी ६२ टक्के चहातून येत होतं, कॉफीतून फक्त १४ टक्के. म्हणजे ‘कॉफी वाईट, आपला चहा बरा’ हे काही खरं नाही. अमेरिकेत २०५५ स्त्रियांच्या रक्तातलं कॅफीन प्रत्यक्ष मोजून केलेला अभ्यास २०२१ साली आला. ज्यांच्या रक्तात ते सर्वांत जास्त होतं, त्यांची बाळं सर्वांत कमी असणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी ८४ ग्रॅमने हलकी आणि जवळजवळ अर्धा सेंटिमीटर आखूड होती.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. डेन्मार्कमध्ये रोज तीन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्या १२०७ गरोदर स्त्रियांचे दोन गट केले. एकीला नेहमीची कॉफी, दुसरीला कॅफीन काढलेली. गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्या काळात हे चाललं. २००७ साली निष्कर्ष आला, तेव्हा दोन्हीकडच्या बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. आईच्या साखरेचंही तसंच. अमेरिकेतल्याच २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, दुसऱ्या तिमाहीत दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेणाऱ्या बायकांमध्ये गरोदरपणातला मधुमेह उलट कमी दिसला. कॅफीनमुळेच तो कमी झाला असं त्यावरून ठरत नाही, पण थोड्या चहाने आभाळ कोसळत नाही, एवढा दिलासा घ्यायला हरकत नाही. आणि गंमत बघा, हेच कॅफीन दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास मध्येच थांबत असेल तर त्यांना औषध म्हणून देतात. अर्थात अगदी मोजून, बाळाच्या वजनाच्या हिशेबाने. शेवटी सगळा प्रश्न मात्रेचा आहे, आणि आपण चहाची मात्रा कधी मोजतच नाही.

मोजायची तर किती? गरोदर बाईने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं ब्रिटन-अमेरिकेतले तज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं की ३०० मिलिग्रॅमच्या वर जात असाल तर कमी कराच, कारण गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका असतो. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दीडशे मिलीलीटरच्या एका कपातल्या कॅफीनचा हिशेब दिला आहे : चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि फिल्टरसारख्या उकळत्या पाण्यात उतरवलेल्या कॉफीत ८० ते १२०.

आता त्या सात कपांचा हिशेब करू. आपला घरगुती कप लहान, शंभर मिलीलीटरचा धरू. तरी सात कपांत साधारण १४० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन झालं. जेवढी पूड जास्त, जेवढा चहा उकळून उकळून कडक केलेला, तेवढा आकडा वरच्या टोकाला जाणार. आणि कपागणिक दोन चमचे धरले, तर चौदा चमचे साखर! गरोदरपणात मधुमेहाची तपासणी प्रत्येक बाईची करावी असं सरकारचं धोरण आहे, ते आपल्याकडे हा धोका मोठा आहे म्हणूनच. त्यामुळे कॅफीनची चर्चा करताना चमच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

पण मला विचाराल, तर आपल्या बायकांच्या बाबतीत कॅफीनहून मोठी दोन नुकसानं चहा करतो. पहिलं म्हणजे लोह. चहातला तुरटपणा ज्या द्रव्यांनी येतो, ती भाजी-भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या लाल गोळ्या रोज एक, अशा १८० दिवस घ्यायच्या असतात. आमची ही मुलगी त्या घेत होती, अगदी न चुकता. कशाबरोबर? तर चहाबरोबर! ‘गोळी पाण्याने जात नाही, मळमळतं,’ म्हणून. वस्तीत विचारत गेले तर बाराजणींपैकी सातजणी गोळी चहानेच घेत होत्या. गोळी वाटणारी ताई गोळी देते, मोजते, वहीत लिहिते. पण ती कशाबरोबर घ्यायची नाही, हे बायकांच्या कानावर पोचलेलंच नव्हतं.

दुसरं नुकसान भुकेचं. चहा भूक मारतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. उपास असो, पाहुणे असोत, सगळ्यांचं होईस्तोवर आपलं जेवण लांबलेलं असो, आपण चहावरच वेळ मारून नेतो. एरवी मारली तर मारली. पण पोटात बाळ वाढत असताना मारलेली भूक म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेण्यासारखं आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं अंगापिंडाने मोठी होती. आणि ज्यांचे कष्ट फार, त्यांची बाळं लहान होती. या गोष्टी आपल्या मातीतल्या, आपल्यासारख्याच बायकांच्या आहेत. चार घरची कामं करून सात कप चहावर दिवस काढणारी पोर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या अभ्यासाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

चहाच्या जोडीला आपल्याकडे आणखी एक पाहुणी असते, मिश्री. सकाळी उठल्यावर मिश्री आणि मग चहा, असा अनेकींचा क्रम. मुंबईतल्या एका अभ्यासात, तो २००४ साली प्रसिद्ध झाला, मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. चहाला मर्यादेत सूट आहे. मिश्रीला मुळीच नाही.

हे सगळं लिहिताना मनात एक भीती आहे, तीही सांगून टाकते. माझी भाची संगणक क्षेत्रात नोकरी करते. ऑफिसात कॉफीचं यंत्र हाताशी, दिवसाला तीन मोठे मग सहज होत. तिचं बाळ सव्वादोन किलोचं झालं. बारशाला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांदेखत म्हटलं, “कॉफ्या ढोसल्यास ना नऊ महिने, मग असंच होणार.” पोर रात्रभर रडली. मला फोन करून म्हणाली, “मावशी, मीच केलं का गं हे?” मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. एका बाळाच्या वजनामागे आईची उंची, तिचं लहानपणचं पोषण, रक्त, रक्तदाब, वारेचं आरोग्य, कामाचा ताण अशी शंभर कारणं असतात. अमुक बाळ कॉफीमुळेच लहान झालं, असं जगातला कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग आपण कोण? एक नवी माहिती हाती आली की ती सुनेच्या पाठीत हाणायची काठी करायची, ही आपली जुनी खोड आहे. बाळ झाल्यावर बाईला दोष द्यायला सगळे हजर असतात, पण नऊ महिने तिच्या हातात कप देताना कुणी मोजत नाही.

म्हणून मोजायचं ते आधी, आणि मोजायचं घरातल्या सगळ्यांनी. फार अवघड नाही. दिवसाला दोन, फार तर तीन लहान कप चहा पुरे. संध्याकाळनंतर नको. कॉफीचा मोठा मग असेल तर एकच, कारण तशा इन्स्टंट कॉफीच्या एका मगात शंभर मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असतं. ग्रीन टी म्हणजे औषध नव्हे, त्यातही कॅफीन आहे. कोला, चॉकलेट, डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही आहे, तेव्हा गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी ते नाही, असं छापावंच लागतं. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. आणि फार पीत असाल तर एका दिवसात तोडू नका, डोकं ठणकतं. एकेक कप कमी करत जा. वजन, रक्त, साखर यांविषयी शंका असेल तर आपल्या डॉक्टरांचं ऐका, माझं नव्हे.

आमच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. दवाखान्यातून परतल्यावर मी उरलेल्या तीन घरांतल्या बायकांना फोन केले. दोघी ओळखीच्या होत्या, तिसरीचा नंबर तिच्याकडून घेतला. सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं. ‘तुम्ही चहा देऊ नका’ असं दुसऱ्या घरच्या बाईला कसं सांगायचं? पण एकीनेही वाईट वाटून घेतलं नाही. पहिल्या घरी दूध आणि केळं ठरलं, दुसऱ्या घरी पोळी-भाजी. माझ्याकडे एक कप चहा कायम, पण आधी शेंगदाण्याचा लाडू किंवा थालीपीठ. चौथ्या घरच्या आजी रोज मोडाची उसळ वाटीत काढून ठेवायला लागल्या. जड बादल्या उचलणं चौघींनीही बंद केलं. साधीच गोष्ट, पण पाच महिने कुणाला सुचली नव्हती.

नवव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन १०.२ झालं. मुलगी झाली, २ किलो ६५० ग्रॅमची. चहा कमी केल्यामुळे असं झालं, असा दावा मी करणार नाही. गोळी नीट लागू पडली, पोटात अन्न गेलं, थोडी विश्रांती मिळाली, सगळ्याचंच ते फळ. तीन महिन्यांनी ती बाळाला दाखवायला आली. मी सवयीने उठले आणि आधण ठेवायला गेले, तर मागून म्हणाली, “काकू, आधी खायला द्या काहीतरी. पण चहा बंद नका करू हं!”

आम्ही दोघीही हसलो. चहा झाला, थालीपिठानंतर तासाभराने.

तुमच्या घरात सून, मुलगी, जाऊ गरोदर असेल, किंवा तुमच्या दाराशी कामाला येणारी कुणी असेल, तर उद्या सकाळी ‘चहा घेतेस का?’ असं विचारण्याआधी एवढंच विचारा : “सकाळपासून काय खाल्लंस गं?” आणि उत्तर येईपर्यंत गॅस पेटवू नका.